काळं पडलेलं रुपं

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ऑफिसातून घरी आले तेव्हा आई सिंकपाशी उभी होती आणि तिच्या ओल्या तळव्यावर स्पेनचा राजा कार्लोस चौथा लखलखत होता. माझं १७९९ सालचं नाणं. दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या टांकसाळीतलं ‘रेआल दे आ ओचो’, म्हणजे आठ रेआलांचं चांदीचं नाणं. सकाळपर्यंत त्याचा रंग जांभळट करडा होता. राजाच्या कानामागे आणि केसांच्या वळणांत तर काजळी धरल्यासारखा काळा. दोनशेहून जास्त वर्षं हवेनं त्यावर थर चढवला होता. आईनं तो अर्ध्या तासात उतरवला. ओट्यावर रांगोळीची पुडी उघडी होती. दारात काढायला म्हणून गावाहून साडीच्या घडीत घालून तिनं ती माद्रिदपर्यंत आणली होती. शेजारी पांढऱ्या दंतमंजनाचा डबा. “बघ, कसं लख्ख झालं,” म्हणत तिनं नाणं माझ्यापुढे धरलं. नखांच्या कडांत रांगोळी अडकली होती.

“काय करून ठेवलंस हे, आई!”

एवढंच बोलले, पण ज्या आवाजात बोलले तो आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. आईनं हात पदराला पुसले. नाणं पंचावर ठेवलं, अगदी अलगद, जणू आता ठेवतानाही काही चुकेल. मग म्हणाली, “काळं झालं होतं गो. लक्ष्मीपुढे काळं रुपं कसं ठेवायचं?” चौरंग मांडून झाला होता. लाह्या-बत्तासे वाटीत होते. घरात दुसरं चांदीचं नाणं नव्हतं, म्हणून तिनं माझा खण उघडला होता. आमची आरती झाली, पण आरतीखेरीज त्या संध्याकाळी आम्ही एकमेकींशी फारसं बोललो नाही.

जुनी नाणी जमवणाऱ्याला विचाराल तर चांदीचं नाणं घासणं म्हणजे त्याची कातडी सोलणं. हवेतल्या गंधकानं चांदीवर आधी पिवळसर, मग तांबूस, मग निळा-जांभळा आणि शेवटी काळपट थर येतो. त्याला इथे पातिना म्हणतात. तो नुसता मळ असता तर गोष्ट वेगळी होती. त्या थराखाली ठशाची मूळ चकाकी झाकून राहते, आणि खरवडणारं काही लावलं की थराबरोबर चांदीचाही पापुद्रा जातो. भिंगाखाली धरलं की बारीक बारीक रेषा दिसतात, सगळ्या एका दिशेनं, शेणानं सारवल्यावर जमिनीवर बोटांच्या उमटतात तशा. त्या कधीच जात नाहीत. गंधक लावून, उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाशेजारी ठेवून नाणं परत काळं करणारे लोक आहेत, पण जाणकारांत ती लबाडी समजली जाते. गेलेलं वय परत चढवता येत नाही.

ते नाणं मी प्लाझा मायोरमध्ये घेतलं होतं. दर रविवारी सकाळी चौकाच्या कमानींखाली नाणी-तिकिटांवाले टेबलं मांडतात. थंडीत बहुतेकांच्या अंगावर कोट, मफलर, डोळ्याला भिंग. बाहेरच्या रस्त्यावर भाजलेल्या चेस्टनटचा धूर. माझा नेहमीचा म्हातारा विक्रेता बोलतो कमी. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं नाणं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, आधी कडेवरून नख फिरव. फिरवलं. गोल, चौकट, गोल, चौकट अशी नक्षी नखाला लागत गेली. पूर्वी लोक नाण्याच्या कडेची चांदी कातरून घेत आणि उरलेलं नाणं पूर्ण मोलानं खपवत. कडेला नक्षी आली आणि कातरलेलं लगेच कळायला लागलं. खोट्या नाण्याचीही पहिली चुगली कडच करते. मग त्यानं लाकडी टेबलावर ते टाकून वाजवून दाखवलं. खणखणीत नाणं म्हणजे काय ते मराठीत आयुष्यभर बोलत आले, ऐकलं त्या दिवशी. एकशे चाळीस युरो दिले. त्यानं पुठ्ठ्याच्या चौकोनी पाकिटात नाणं घालून पेन्सिलीनं टांकसाळ, साल आणि प्रत लिहून दिली: एमे बे से, म्हणजे ‘फार चांगलं जपलेलं’.

जपलेलं हा शब्द मला तेव्हा फार आवडला होता.

पण ही आवड मुळात प्लाझा मायोरमधली नाही. ती चिपळूणजवळच्या आमच्या घरातल्या एका शब्दातून आली. बाबा मस्कतला होते, एअर कंडिशनर दुरुस्तीच्या कामावर. दोन वर्षांनी एकदा दोन महिने येत. मधल्या काळात घरात ते नसत, पण ‘रियाल’ हा शब्द असे. “या महिन्यात रियाल आले का?” “रियालचा भाव काय?” पोस्टमनपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना आमचे रियाल ठाऊक. येताना ते माझ्यासाठी तिकडची चिल्लर आणत, बैसा. एका ओमानी रियालाचे हजार बैसा. कोणाही मराठी मुलाला कळावं की बैसा म्हणजे आपलाच पैसा, अरबीत ‘प’ नाही म्हणून ‘ब’ झालेला. रियाल मात्र मला अरबांचाच वाटत होता. पुढे इथे येऊन स्पॅनिश शिकायला लागल्यावर एका दुपारी शब्दकोशात ‘रेआल’ शब्दापाशी थांबले. अर्थ: राजाचा, शाही. आणि खाली, जुनं चांदीचं नाणं. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर तो शब्द पूर्वेकडे गेला आणि अरबांनी त्याचा रियाल केला. बाबांच्या पाकिटातल्या एकाच नोटेच्या नावात स्पेनचा राजा होता आणि तिच्या चिल्लरीत आपला पैसा. ते समजायला बाबा तेव्हा नव्हते.

म्हणून रेआल. इतर देशांची, इतर काळांची नाणी मला कोणी फुकट दिली तरी मी फार वेळ बघत नाही.

आठ रेआलांचं हे नाणं स्पेनचे राजा-राणी फेर्दिनांद-इसाबेल यांच्या १४९७च्या चलनसुधारणेनंतरच्या काळात आलं आणि पुढची तीनशे वर्षं जगभर फिरलं. वजन सत्तावीस ग्रॅमच्या आसपास. आईनं लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ते तळहातावर झेलून सांगितलं, “सव्वादोन तोळे भरेल.” मी वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. काट्यानं तिचंच म्हणणं खरं केलं, वर चिमूटभर जास्त. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक असे त्याचे भाग पडतात हे सांगितलं तेव्हा तिला ते समजावून सांगावं लागलं नाही. “अधेली, पावली, चवली,” ती म्हणाली. आण्यांच्या हिशोबात वाढलेल्या माणसाला अर्ध्याचं अर्ध करत जाणं हेच सरळ गणित. दशमान आमच्यासारख्यांसाठी.

या नाण्यांच्या मागे जो डोंगर आहे त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. आजच्या बोलिव्हियात, चार हजार मीटर उंचीवर, सेरो रिको. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली आणि पायथ्याशी पोतोसी नावाचं शहर उभं राहिलं. स्पॅनिशमध्ये अजून एखाद्या मौल्यवान माणसाबद्दल ‘तो एका पोतोसीच्या मोलाचा आहे’ असं म्हणतात. १५७०च्या दशकात पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदो यानं ‘मिता’ लावली: सोळा प्रांतांतल्या गावांनी आपल्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीनं खाणीवर पाठवायचा. वर्षाला तेरा हजारांच्या आसपास माणसं. बायकापोरं, लामांचे कळप, शिधा बरोबर घेऊन महिनोन्‌महिने चालत जायची. खाली अंधारात कोकाची पानं गालात धरून काम करायची. वर कुटलेल्या खनिजात वांकावेलिकाहून आणलेला पारा घालून ते अनवाणी पायांनी तुडवायची. पारा चांदी धरून ठेवतो, आणि तुडवणाऱ्याला सोडत नाही. माझ्या नाण्यावरच्या साली, १७९९ मध्ये, मिता चालूच होती. ती कायद्यानं रद्द झाली १८१२ साली. चांदीच्या पट्ट्या लाटायच्या लाकडी यंत्रांचे चक्राकार दांडे टांकसाळीत खेचरं फिरवत. पण नाण्यावर काय आहे? राजाचा कपाळावर पानांचा मुकुट घातलेला चेहरा, मागे किल्ले, सिंह, तळाशी छोटं डाळिंब. ज्यानं चांदी काढली त्याची एक रेषाही त्यावर नाही. मी जेव्हा जेव्हा ‘जपलेलं’ नाणं हातात घेते तेव्हा हे माझ्या मनात येतं आणि मग माझा आनंद थोडा अवघडून बसतो. तरी मी नाणी घेते. या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात.

आईला मागची बाजू जास्त आवडली. मधोमध ढाल, तिच्यावर मुकुट, दोन्ही अंगांना दोन खांब आणि खांबांभोवती फडफडती पट्टी. पट्टीवर लॅटिनमध्ये ‘प्लुस उल्त्रा’, अजून पलीकडे. हे हर्क्युलिसचे खांब, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरचे. तिथे जग संपतं असं जुने लोक मानत; स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स यानं ‘अजून पलीकडे’ हेच आपलं ब्रीद केलं. हे सगळं मी तिला सांगितलं तेव्हा ती नाणं डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. “मला तर देऊळ वाटलं,” ती म्हणाली. “दोन खांब, मधे गाभारा, वर कळस.” पूजेत तिनं नाणं म्हणूनच खांबांची बाजू वर करून ठेवलं होतं. राजा खाली, लाह्यांत.

या नाण्यांना न शिवता कोणी सोडलं आहे, असा प्रश्न मला त्या दिवसांत पडायला लागला. माझ्याकडे मेक्सिकोच्या टांकसाळीतलं १७८३ सालचं एक आहे. अकापुल्कोहून मनिलाला जाणाऱ्या गलबतांतून अशी नाणी अडीचशे वर्षं चीनकडे जात राहिली. तिथला सराफ नाणं तपासायचा आणि खरं निघालं की आपला छोटा ठसा त्यावर मारायचा. माझ्या नाण्यावर असे पाच ठसे आहेत. एक तर राजाच्या गालातच रुतलाय. इंग्लंडमध्ये १७९७ मध्ये नाण्यांचा तुटवडा झाला तेव्हा बँक ऑफ इंग्लंडनं स्पॅनिश राजाच्या मानेवर आपल्या तिसऱ्या जॉर्जचं इवलंसं डोकं ठोकलं आणि नाणी चालवली. न्यू साउथ वेल्समध्ये १८१३ साली गव्हर्नर मॅक्वारीनं चाळीस हजार नाण्यांना मधोमध भोक पाडलं. कडं पाच शिलिंगांना, मधली टिकली पंधरा पेन्सना. नाणी वसाहतीबाहेर जाऊ नयेत म्हणून. हे काम ज्याच्याकडून करून घेतलं तो विल्यम हेनशॉल नकली नाणी पाडल्याबद्दल शिक्षा होऊन तिथे आलेला कैदी होता. आज ही भोकाची नाणी अखंड नाण्यांपेक्षा कितीतरी महाग जातात.

आणि आपल्याकडे आलेल्या रेआलांचं काय झालं? कंपनीची जहाजं सुरतेला माल घ्यायला येत तेव्हा द्यायला त्यांच्याजवळ मुख्यतः हीच चांदी असे. ती टांकसाळीत जाई, वितळे आणि मोगल बादशहाच्या नावाचे रुपये होऊन बाहेर पडे. आठ रेआलांच्या एका नाण्याचे दोनाहून थोडे जास्त रुपये. त्या रुपयांचे पुढे वाळे झाले, तोडे झाले, जोडवी झाली. म्हणून आपल्या किनाऱ्यावर एवढी चांदी उतरूनही जुन्या पेट्यांतून रेआल फारसे निघत नाहीत. सोन्याच्या नाण्यांचं नशीब वेगळं. आजीच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसचं डुकाट. संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती. आपल्या बायकांनी त्यावरची माणसं बघून तिला पुतळी म्हटलं, कडी लावली आणि गळ्यात घातलं. संग्राहकाच्या भाषेत कडी लावलेलं नाणं बिघडलेलं असतं. आजीपुढे हे वाक्य उच्चारायची माझी हिंमत झाली नसती.

एकदा इथल्या, स्पेनमधल्या कार्ताहेनाच्या सागरी पुरातत्त्व संग्रहालयात गेले होते. १८०४ च्या ऑक्टोबरात ‘मेर्सेदेस’ नावाची युद्धनौका दक्षिण अमेरिकेतून चांदी घेऊन येत असताना पोर्तुगालच्या किनाऱ्यापाशी इंग्रजांच्या तोफांनी बुडाली. २००७ मध्ये एका अमेरिकी कंपनीनं तिच्यातली जवळपास सहा लाख नाणी वर काढली, खटला चालला आणि २०१२ मध्ये ती स्पेनला परत मिळाली. पेरूनंही हक्क सांगितला होता. तो मानला गेला नाही. काचेआड ती नाणी गठ्ठ्यांनी चिकटून बसलेली आहेत, ज्या पोत्यांत भरली त्या पोत्यांचा आकार धरून. पोती कुजून गेली, आकार राहिला. दिएगो दे आल्वेआर नावाचा अधिकारी शेजारच्या जहाजावर होता, थोरल्या मुलाबरोबर. त्याची बायको आणि बाकीची मुलं मेर्सेदेसवर. त्यानं ते जहाज फुटताना पाहिलं. मी त्या काळ्या ढेकळांसमोर उभी राहिले आणि मला नाण्यांऐवजी सारखा तो माणूसच दिसत राहिला, डेकवर, दुसऱ्या जहाजाकडे बघणारा.

आईच्या परतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. ती बॅग भरत होती, मी घड्या घालून देत होते. बोलता बोलता तिनं आमच्या घरच्या नैवेद्याच्या वाटीचा विषय काढला. रुप्याची वाटी, निरांजन, अत्तरदाणी, माझ्या बारशातला वाळा. बाबांची येण्याची तारीख कळली की आदल्या आठवड्यात ती सगळं रुपं काढून मागल्या पडवीत बसायची. रांगोळी, रिठ्याचं पाणी, जुन्या लुगड्याचा तुकडा. मला ते चित्र लख्ख आठवत होतं, खसखस आवाजासकट. मला आठवत नव्हतं ते तिनं पुढे सांगितलं. “ते गेले की मी पेटी उघडायचे नाही. दोन वर्षांनी उघडली की सगळं काळं. ते बघितलं की वाटायचं, किती दिवस गेले बघ.” आणि मग, साडीची किनार जुळवत, माझ्याकडे न बघता: “तुझ्या खणात ते काळं नाणं दिसलं. मला काही बरं वाटलं नाही.”

मी तिला सॉरी म्हणाले नाही. आमच्या घरात तो शब्द आईला म्हणायची रीतच नव्हती. तिच्या बॅगेत सगळ्यात वर मी तिचा आवडता तुरोन, इथली बदामाची मिठाई, ठेवला आणि चेन लावली. विमानतळावर जाईपर्यंत मात्र तिचा हात धरून होते. तळवा खरखरीत आहे तिचा, आणि गरम.

पुढच्या रविवारी नाणं घेऊन प्लाझा मायोरला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. कदाचित कोणीतरी म्हणावं की तितकंसं काही झालेलं नाही. म्हाताऱ्यानं पाकिटातून नाणं काढलं, उन्हाकडे तिरपं धरलं, भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. “लिंपिआदा,” तो म्हणाला. घासलेलं. आता साठ मिळाले तर पुष्कळ. मी म्हटलं, विकायचं नाहीये. कोणी घासलं, त्यानं विचारलं. आईनं, मी म्हटलं, दिवाळीसाठी. दिवाळी काय ते त्याला ठाऊक नव्हतं. मला जमेल तसं सांगितलं, की एका रात्री आम्ही पैशाची पूजा करतो, दिवे लावतो, आणि त्या रात्री घरातलं सगळं उजळ लागतं. त्यानं मान हलवली. पाकिटावर पेन्सिलीनं प्रतीच्या पुढे ‘लिंपिआदा’ लिहिलं, कारण व्यवहार म्हणजे व्यवहार. मग नाणं परत देताना म्हणाला की चांदी आहे, थांबत नाही. पुन्हा रंग धरेल. किती वर्षांनी, मी विचारलं. तुमच्या खिडकीबाहेर किती गाड्या जातात त्यावर आहे, तो म्हणाला.

घरी आल्यावर मीही पेन्सिल घेतली. जुन्या नाण्याच्या पाकिटावर ते कुठून कोणाकडे गेलं हे लिहून ठेवायची चांगल्या संग्राहकांची पद्धत असते. माझ्या पाकिटावर पोतोसी होतं, १७९९ होतं, प्लाझा मायोर होतं. मधली दोन शतकं कोरी. त्याच्याखाली लिहिलं: ‘आईनं घासलं. लक्ष्मीपूजन, २०२२.’

या वर्षी दिवाळीच्या आधी काढून बघितलं. कडेनं, जिथे ती गोल-चौकटीची नक्षी आहे त्याच्या आत, एक बारीक पिवळी झाक आली आहे, हळद लागल्यासारखी. राजाच्या गळ्यापाशी जराशी तांबूस. रेषा आहेत तशाच आहेत. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन चौरंगावर उभा करून ठेवला. ती चष्मा लावून एकेक वस्तू बघत गेली. केरसुणी दिसत नाही, म्हणाली. आहे, मागे आहे. बत्तासे? मिळाले नाहीत, साखर ठेवली. मग नाण्यापाशी थांबली.

“घासलंस?”

“नाही. जरा पिवळं व्हायला लागलंय. बघ.”

मी नाणं कॅमेऱ्याजवळ नेलं. तिकडे रात्र झाली होती, तिच्यामागे पडवीतला आकाशकंदील हलत होता. तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही.

“मी येईपर्यंत राहू दे तसंच,” ती म्हणाली. “आणि खांब वर ठेव.”